धर्मांचे अनेकत्व आणि ईश्वराविषयीचा संशय

जगात धर्म अनेक आहेत, ईश्वर, मरणोत्तर अवस्था आणि मुक्ती यांविषयी त्यांनी सांगितलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि बहुसंख्य माणसे ज्या धर्मात जन्मली त्याच धर्मात शेवटपर्यंत राहतात. ही तिन्ही विधाने सुटी सुटी घेतली तर सहसा कोणालाच अमान्य नसतात. परंतु ती शेजारी ठेवली की त्यांतून एक शंका उभी राहते, ती अशी की, ज्या श्रद्धेचा आशय जन्मस्थानाबरोबर बदलतो ती श्रद्धा सत्याचा शोध घेत आलेली आहे असे कशावरून मानायचे? आधुनिक निरीश्वरवादी लेखनात ही शंका इतक्या वेळा येते की ती विज्ञानयुगाचेच अपत्य असावी असा समज होतो. वस्तुतः ती फार जुनी आहे, आणि तिच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य असे की हे शस्त्र बहुतेक वेळा धर्मनिष्ठांनीच दुसऱ्या धर्माविरुद्ध परजलेले आहे. सर्वच धर्मांविरुद्ध ते उचलले गेले ते पुष्कळ नंतर.

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगाच्या लोकसंख्येत सुमारे २९ टक्के ख्रिस्ती, सुमारे २६ टक्के मुस्लिम, सुमारे १५ टक्के हिंदू आणि सुमारे ४ टक्के बौद्ध होते, तर सुमारे २४ टक्के लोक स्वतःला कोणत्याच धर्माशी जोडत नव्हते. म्हणजे यांपैकी कोणत्याही एका धर्माची शिकवण अक्षरशः खरी धरली, तर जगातील निम्म्याहून कितीतरी अधिक माणसे परमार्थाच्या बाबतीत चुकत आहेत असे म्हणावे लागते. याच केंद्राने भारतात सुमारे ३०,००० लोकांच्या मुलाखती घेऊन २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९८ टक्के लोकांनी आपला आजचा धर्म आणि बालपणीचा धर्म एकच असल्याचे सांगितले. अर्थात अशा आकडेवारीवर फार भार टाकू नये, कारण ती प्रत्येक माणसाला एकच धर्म असतो असे गृहीत धरते. जपानमध्ये शिंतो आणि बौद्ध संस्थांनी नोंदवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा बरीच जास्त भरते, कारण तेथे एकच कुटुंब दोन्हीकडे मोजले जाते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. धर्म हा परस्परविरोधी विधानांचा संच आहे ही कल्पना सर्व समाजांना सारखी लागू पडत नाही, ही गोष्ट पुढील सर्व चर्चेत ध्यानात ठेवावी लागते.

या शंकेत तीन वेगवेगळे युक्तिवाद एकमेकांत मिसळलेले आढळतात. पहिला विसंगतीचा आहे: परस्परविरोधी शिकवणी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. दुसरा पुराव्याच्या समानतेचा आहे: प्रत्येक धर्म ग्रंथ, चमत्कार, साक्षात्कार आणि सत्पुरुषांचे चारित्र्य हेच पुरावे पुढे करतो, तेव्हा एकाचा पुरावा घ्यायचा आणि दुसऱ्याचा टाकायचा हे कोणत्या आधारावर? तिसरा जन्माच्या योगायोगाचा आहे: माणूस कोठे जन्मला यावरून तो काय मानणार हे बहुधा ठरत असेल, तर त्या मानण्यामागचे कारण सत्याशी निगडित नाही. यांपैकी पहिल्या युक्तिवादाने फार तर इतकेच सिद्ध होते की बहुतेक शिकवणी चुकीच्या आहेत. एखादी बरोबर असण्याची शक्यता त्याने पुसली जात नाही. खरे बळ दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे, आणि लोकप्रिय वादांत मात्र पहिल्यावरच अधिक शक्ती खर्च होते.

भारतात हा प्रश्न बुद्धकाळीच स्पष्टपणे विचारला गेला होता. अंगुत्तरनिकायातील एका सुत्तात केसपुत्त गावचे कालाम लोक बुद्धापाशी तक्रार करतात की, गावात निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येतात, प्रत्येक जण आपले मत वाखाणतो आणि इतरांचे तुच्छ ठरवतो, तेव्हा यांपैकी खरे कोण बोलतो हे कळावे कसे. परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथाचा आधार, केवळ तर्क किंवा गुरूविषयीचा आदर यांपैकी कशावरही विसंबू नका, कोणत्या वृत्तीने हित होते आणि कोणत्या वृत्तीने अहित होते हे स्वतः पारखा, असे बुद्धाचे उत्तर आहे. त्याच सुत्ताच्या शेवटी आणखी एक मार्मिक मुद्दा येतो: परलोक असला तर सद्वर्तनी माणसाचे तेथे भले होईल आणि नसला तरी इहलोकी तो निर्वैर व सुखी राहील. मतभेदाचा निकाल न लावता आचरणाचा निकाल लावण्याची ही युक्ती आहे, आणि ईश्वराच्या असण्या-नसण्याची तिला गरजच लागत नाही.

हे येथे विशेष नमूद करण्याचे कारण असे की, युरोपात धर्मांचे वैविध्य म्हणजे ईश्वराविषयीच्या मतांचे वैविध्य असे जवळजवळ गृहीतच धरले गेले. भारतात मात्र ईश्वर मानणे आणि धर्म मानणे हे दोन वेगळे प्रश्न होते. जैनांना जगत्कर्ता मान्य नव्हता. बौद्धांनाही नव्हता; सातव्या शतकातील धर्मकीर्तीने, आकार आहे म्हणून कर्ता असलाच पाहिजे हे अनुमान मातीच्या घड्याला लागू पडते म्हणून वारुळालाही लावले तर तेथेही कुंभार शोधावा लागेल, असे दाखवून जगाच्या कर्त्याचे अनुमान करणाऱ्या नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांची, अडचण केली होती. वेदांच्या प्रामाण्यासाठी सर्वांत कडवेपणाने भांडणारे पूर्वमीमांसकही सृष्टिकर्त्या ईश्वराचे खंडनच करीत होते. त्यामुळे येथे वैविध्याचा युक्तिवाद ईश्वराकडे न वळता ‘आप्ता’कडे, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा विश्वसनीय उपदेशकाकडे वळला.

या वळणावरचे दोन लेखक विशेष महत्त्वाचे आहेत. सुमारे सहाव्या शतकातील दिगंबर जैन आचार्य समंतभद्र याने आपल्या ‘आप्तमीमांसा’ या ग्रंथाचा आरंभ प्रत्यक्ष तीर्थंकराला उद्देशून करताना असे बजावले आहे की, देवांचे आगमन, आकाशगमन, चामरे ढाळली जाणे अशी वैभवे मायावी लोकांपाशीही दिसतात, तेव्हा त्यांवरून कोणाचे मोठेपण ठरत नाही. आणि पंथसंस्थापकांच्या शिकवणी परस्परविरोधी असल्यामुळे ते सर्वच आप्त असणे शक्य नाही, फार तर त्यांच्यातला कोणी एक असेल. चमत्कार सर्वांकडे आहेत म्हणून ते कोणाच्याच बाजूने मोजू नयेत, हा विचार डेव्हिड ह्यूमने मांडण्याच्या कितीतरी शतके आधी, आणि तोही एका श्रद्धावान आचार्याने स्वतःच्या आराध्याच्या स्तुतिग्रंथात मांडावा, ही धर्मविचाराच्या इतिहासातील दुर्मीळ घटना आहे. दुसरा लेखक मीमांसक कुमारिल भट्ट. त्याच्या नावावर मोडणारा आणि बौद्ध पंडित शांतरक्षिताच्या ‘तत्त्वसंग्रहा’त उद्धृत झालेला आक्षेप थोडक्यात असा: बुद्ध सर्वज्ञ आणि सांख्यदर्शनाचा प्रणेता कपिल मात्र नव्हे, याला प्रमाण काय, आणि दोघेही सर्वज्ञ असतील तर त्यांच्यात मतभेद कसा? कुमारिलाने यातून काढलेली वाट लक्षणीय आहे. मनुष्य उपदेशक आपसांत भांडतात, म्हणून कोणाही मनुष्यावर न विसंबता अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेल्या, वेदावर विसंबावे असे तो सांगतो. संशयाची धार सर्व प्रतिस्पर्ध्यांवर चालवायची आणि आपली वस्तू तेवढी तिच्यापासून दूर ठेवायची, ही पद्धत पुढे जगभर दिसते. मात्र वेद अपौरुषेय आहेत हे विधान स्वतःच वादग्रस्त मतांपैकी एक आहे, ही अडचण कुमारिलाला पुरेशी बोचलेली दिसत नाही.

नवव्या शतकाच्या अखेरीस काश्मीरमध्ये या प्रश्नाला राज्यकारभाराचे रूप आले होते. राजा शंकरवर्म्याच्या काळी नीलांबर नावाचा एक पंथ होता. त्यातील स्त्री-पुरुष एकाच निळ्या वस्त्रात गुंडाळून जोडीने वावरत असल्याचे वर्णन मिळते, आणि राजाने या पंथावर बंदी घातली. नैयायिक जयंत भट्टाने ‘आगमडम्बर’ या चार अंकी नाटकात हा सगळा काळ रंगवला आहे. त्याचा नायक संकर्षण हा नुकतेच अध्ययन संपवलेला मीमांसक तरुण असून, बौद्ध आणि जैन यांना वादात नामोहरम करण्याच्या ईर्ष्येने तो बाहेर पडतो. पण पुढे त्याला राजाकडून धर्मरक्षणाचा अधिकार मिळतो आणि मग त्याच्यापुढे वेगळाच पेच येतो, कारण नीलांबरांवरील कारवाईने इतर निरुपद्रवी पंथांचे तपस्वीही घाबरून जातात व त्यांना धीर देण्याची वेळ त्याच अधिकाऱ्यावर येते. अखेरच्या अंकात धैर्यराशी नावाचा वृद्ध नैयायिक भरसभेत सर्व आगमांचे, म्हणजे धर्मग्रंथांचे, प्रामाण्य मांडतो. ‘न्यायमंजरी’ या आपल्या शास्त्रग्रंथात जयंताने हेच मत तपशिलाने तपासले असून, एकच ईश्वर निरनिराळ्या अधिकाराच्या जीवांसाठी अर्हत्, कपिल, सुगत अशी नावे घेऊन वेगवेगळा उपदेश करतो, असाही पक्ष तो नोंदवतो. मात्र या उदारतेला कुंपण आहे: आगम पुष्कळ प्रतिष्ठित लोकांनी स्वीकारलेला असावा, तो आजकाल उपटलेला नसावा, लोभासारख्या हेतूंतून जन्मलेला नसावा आणि समाजाला उद्वेग आणणारा नसावा. नीलांबर या चाळणीत अडकतात. राजाने ज्यांना आधीच हाकलले होते नेमके तेच तत्त्वज्ञानाच्याही कसोटीत नापास व्हावेत, हा योगायोग वाचकाला अस्वस्थ करतो. सत्यासत्याच्या प्रश्नाला सामाजिक शिष्टसंमतपणाचे उत्तर दिले की असेच घडते.

दहाव्या शतकातील उदयनाचार्याने वैविध्याचा अर्थच उलटा लावला. ईश्वरसिद्धीसाठी लिहिलेल्या ‘न्यायकुसुमांजली’च्या आरंभी तो म्हणतो की शैव शिव म्हणून, वेदान्ती शुद्ध-बुद्ध स्वभावाचा म्हणून, बौद्ध सर्वज्ञ म्हणून, दिगंबर जैन निरावरण म्हणजे आवरणरहित म्हणून, फार काय कारागीर विश्वकर्मा म्हणून ज्याची उपासना करतात, त्याच्याविषयी संशय उरतोच कोठे? जगाचा कर्ता नाकारणाऱ्या बौद्ध-जैनांनाही या यादीत बसवण्यात चातुर्य आहे तसा थोडा अरेरावीपणाही आहे. शिवाय संशय उरलाच नसता तर पुढचा आख्खा ग्रंथ लिहिण्याचे कारण काय होते, हा प्रश्न राहतोच.

ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व सहाव्या-पाचव्या शतकांत झेनोफनीसने लोक आपापल्या रंगरूपाचे देव कल्पतात ही गोष्ट टिपली होती, आणि तिच्यावरून त्याने ईश्वर नाही असा निष्कर्ष न काढता, माणसासारखा नसलेला एकच ईश्वर आहे असा काढला होता. सिसेरोच्या देवस्वरूपावरील संवादात (ख्रिस्तपूर्व ४५) कोट्टा हे पात्र रोमचा पुरोहित असूनही देवांच्या अस्तित्वाच्या सर्व सिद्धींवर शंका घेतो आणि तरी कुलाचार सोडत नाही. इस्लामी जगात अल्-गझालीने (१०५८–११११) आत्मकथनपर ग्रंथात नोंदवले आहे की ख्रिस्ती, यहुदी आणि मुस्लिम घरांतील मुले त्या त्या धर्माचीच होऊन वाढतात, हे पाहून केवळ अनुकरणाने आलेल्या श्रद्धेवरचा त्याचा विश्वास उडाला. तो संशयाच्या तळापर्यंत गेला आणि परतला तो तर्काने नव्हे तर ईश्वराने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने, असे त्याचेच म्हणणे आहे. मात्र तसाच प्रकाश इतर धर्मांतल्या साधकांनाही मिळाल्याचे दावे आहेत, त्यामुळे पुराव्याच्या समानतेची अडचण येथे एक पायरी वर सरकते इतकेच.

अकबराने १५७५ मध्ये फतेपूर सिक्री येथे इबादतखाना उभारला तो प्रथम मुस्लिम विद्वानांच्या चर्चेसाठी. पण त्यांचीच आपसांत जुंपल्यावर तेथे ब्राह्मण, जैन, पारशी यांना आणि १५८० मध्ये गोव्याहून आलेल्या रोदोल्फो अक्वाव्हिव्हा व आंतोनियो मोन्सेरात या जेझुइट पाद्रींनाही स्थान मिळाले. इतिहासकार बदायुनी याने नाराजीने लिहून ठेवले आहे की, सर्वच धर्मांत शहाणी माणसे आहेत, तेव्हा सत्य एकाच धर्मात आणि तेही जेमतेम हजार वर्षांच्या धर्मात कोंडलेले कसे असेल, असे बादशहाला वाटू लागले. बदायुनी हा विरोधी साक्षीदार असल्याने त्याचा शब्द जपून घ्यावा लागतो. तथापि एकाच दालनात सर्व धर्मांचे वकील समोरासमोर बसले तर ऐकणाऱ्याच्या मनात काय होते, याचे ते विश्वासार्ह वर्णन आहे.

युरोपात याच सुमारास समुद्रप्रवासांनी प्रश्न तीव्र केला. पॅरिसमधील इंग्रज राजदूत एडवर्ड हर्बर्टने १६२४ मध्ये असे मांडले की सर्व धर्मांच्या मुळाशी पाच सामान्य कल्पना आहेत: एक परमेश्वर आहे, त्याची उपासना करावी, सदाचार हा उपासनेचा मुख्य भाग आहे, पापाचा पश्चात्ताप करावा आणि कर्मांचे फळ मिळते. जॉन लॉकने शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलकडील प्रवासवृत्ते पुढे करून, ईश्वराची कल्पनाच नसलेले समाज आहेत, तेव्हा ती कल्पना जन्मजात नव्हे, असे उत्तर दिले. ती वृत्ते कितपत खरी होती हा भाग वेगळा, आणि लॉक स्वतः ईश्वर मानणाराच होता. ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांवरील प्रकरणात समानतेचा युक्तिवाद पूर्णत्वास नेला: प्रत्येक धर्माचे चमत्कार त्या धर्माला पुष्टी देण्यासाठी सांगितले जातात, म्हणून ते अप्रत्यक्षपणे इतर सर्व धर्मांच्या चमत्कारांविरुद्धची साक्ष ठरतात, आणि परस्परविरोधी साक्षीदारांप्रमाणे एकमेकांची किंमत घालवतात. यात एक फट आहे. चमत्कार घडला म्हणजे त्या धर्माची सगळी शिकवण सिद्ध झाली, असे मानले तरच हा हिशेब जुळतो. दोन पंथांत रोगी बरे झाले एवढ्याने दोन्ही वृत्तांत आपोआप परस्परविरोधी होत नाहीत. पास्कालच्या पैजेलाही, म्हणजे ईश्वर असल्यास लाभ अनंत आणि नसल्यास तोटा अल्प म्हणून श्रद्धा ठेवणेच शहाणपणाचे या हिशेबाला, दिदरोने एवढेच उत्तर दिले की एखादा इमामही हाच हिशेब मांडू शकेल. ते आजही पुरेसे वाटते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मध्ये जन्माच्या योगायोगाचा मुद्दा लंडन आणि पेकिंग यांची जोडी लावून सांगितला: ज्या कारणांनी माणूस एका शहरात अँग्लिकन होतो त्याच कारणांनी तो दुसऱ्या शहरात बौद्ध किंवा कन्फ्यूशियसपंथी झाला असता.

मिलचे वाचक मुंबई-पुण्यातही होते. त्याआधीच, १८३१ मध्ये, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा मुंबईत जाहीर वाद होऊन दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली होती, आणि १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद केला होता. पुराणकथांना लावलेली चिकित्सा बायबलला का लावू नये, हा प्रश्न अशा वादांतून अटळपणे पुढे येत होता. गोपाळ गणेश आगरकरांनी तो दोन्ही पक्षांना लावला आणि देवतांची उत्पत्ती माणसाच्या अज्ञानात व भयात शोधली. जोतीराव फुले यांनी मात्र तिसरी वाट धरली. मरणोत्तर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी सर्वांचा एक ‘निर्मीक’ मानला, कोणताही एक धर्मग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत सत्य नाही असे म्हटले, आणि असे एक घर कल्पिले की ज्यात बाई बौद्ध, तिचा नवरा ख्रिस्ती, मुलगी मुस्लिम आणि मुलगा सत्यधर्मी असून कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. ज्या युक्तिवादाचा आधार ‘धर्म घरातून येतो’ हा आहे, त्या युक्तिवादाच्या मुळावरच हे घर उठते, कारण तेथे प्रत्येकाने ग्रंथ स्वतः वाचून धर्म निवडलेला आहे. तत्त्वज्ञांच्या बहुतेक उत्तरांपेक्षा हे उत्तर अधिक धीट आहे, जरी ते वर्णन नसून अपेक्षा आहे.

विसाव्या शतकात धर्मांच्या वैविध्याला आस्तिकांनी दिलेल्या उत्तरांचे तीन गट पाडण्याची रीत पडली. आपलाच मार्ग खरा असे मानणारा तो अनन्यतावाद. आपला मार्ग पूर्ण खरा, पण इतरांनाही नकळत त्याचाच लाभ होतो असे मानणारा तो समावेशवाद. आणि सर्व थोर धर्म एकाच परमसत्याचे समान अधिकाराचे प्रतिसाद आहेत असे मानणारा तो बहुत्ववाद. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणेत दुसऱ्या भूमिकेकडे पाऊल टाकले, आणि अन्य देवतांचे भक्तही अविधिपूर्वक का होईना माझेच यजन करतात या गीतेतील विचाराचीही जात तीच आहे.

बहुत्ववादाचा सर्वांत पद्धतशीर प्रवक्ता जॉन हिक (१९२२–२०१२) हा तरुणपणी कडवा ख्रिस्ती होता. १९६७ मध्ये बर्मिंगहॅमला आल्यावर तेथील मशिदी, गुरुद्वारे, मंदिरे आणि सिनेगॉग यांमध्ये वावरताना त्याला सर्वत्र मूलतः एकच गोष्ट घडताना दिसली, ती म्हणजे माणसाचे स्वकेंद्रिततेकडून सत्-केंद्रिततेकडे होणारे परिवर्तन. कांटच्या धर्तीवर त्याने असे मांडले की परमसत्य स्वरूपतः अज्ञेय असून, यहोवा, अल्ला, शिव ही त्याची सगुण आणि ब्रह्म, ताओ, निर्वाण ही निर्गुण रूपे मानवी संस्कृतींच्या घडणीतून अनुभवास येतात. ही भूमिका हत्ती आणि आंधळ्यांच्या कथेची विद्वत्तापूर्ण आवृत्ती आहे, आणि तिची अडचणही त्या कथेचीच आहे: आंधळे अपुरे पाहतात हे सांगायला अख्खा हत्ती पाहणारा डोळस राजा लागतो, आणि हिकच्या सिद्धान्तात तो राजा कोण याचे उत्तर नाही. दुसरे असे की, ज्या परमसत्याला प्रेमळ वा कठोर, एक वा अनेक, सगुण वा निर्गुण यांपैकी काहीच म्हणता येत नाही, ते नसण्यात आणि असण्यात भक्ताच्या दृष्टीने फरक काय? प्रत्येक धर्माला वाचवण्यासाठी हा सिद्धान्त प्रत्येकाकडून त्याला सर्वांत प्रिय असलेले विधान सोडवून घेतो; कुराण शेवटचे वचन नव्हे, येशू एकमेव तारणहार नव्हे, आणि अद्वैत हेही अंतिम नव्हे. एवढी किंमत मोजण्यापेक्षा संशयवाद्याचे म्हणणे मान्य करणे पुष्कळांना स्वस्त वाटेल. मार्क हाइम यांनी १९९५ मध्ये सुचवलेला पर्याय, की धर्मांची साध्येच भिन्न असून निर्वाण आणि स्वर्गवास ही दोन वेगळ्या गावी पोचणाऱ्या वाटांची नावे आहेत, विसंगती टाळतो, पण एकच सृष्टिकर्ता मानणाऱ्याला तो पेलणे कठीण आहे.

अनन्यतावादाचा बचाव अमेरिकेतील दोन तत्त्वज्ञांनी अधिक तडफेने केला. विल्यम ऑल्स्टन यांनी १९९१ मध्ये असे प्रतिपादले की इंद्रियांवरील विश्वास जसा चक्राकार युक्तिवादाशिवाय सिद्ध करता येत नाही आणि तरी तो वाजवी असतो, तसाच रुळलेल्या धर्मसाधनेतून येणाऱ्या ईश्वरानुभवावरचा विश्वासही वाजवी आहे. मात्र धर्मांचे वैविध्य ही आपल्या भूमिकेपुढची सर्वांत गंभीर अडचण असल्याचे त्यांनी स्वतःच कबूल केले. ही प्रांजळ कबुली त्यांच्या ग्रंथाचे मोल वाढवते. ॲल्विन प्लांटिंगा यांचा प्रतिटोला असा की, ‘तू दुसरीकडे जन्मला असतास तर असे मानले नसतेस’ हा आक्षेप खरा धरला, तर बहुत्ववादीही मादागास्करमध्ये किंवा मध्ययुगीन फ्रान्समध्ये जन्मला असता तर बहुत्ववादी झाला नसता. उत्तर बिनतोड वाटते, पण त्याने फार तर दोघांचीही बाजू सारखीच डळमळीत ठरते. अनन्यतावाद्याची बाजू भक्कम होत नाही.

सन २००० नंतर या वादाला मतभेदाच्या ज्ञानशास्त्राची, म्हणजे तुल्यबळ माणसे असहमत असताना काय मानणे योग्य याच्या अभ्यासाची, जोड मिळाली. डेव्हिड क्रिस्टेन्सन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे: उपाहारगृहात मित्रांनी बिल मनातल्या मनात वाटून घेतले, आणि हिशेबात सारख्याच पक्क्या असलेल्या दोघांचे आकडे वेगळे आले, तर प्रत्येकाने आपल्या आकड्यावरचा भरवसा कमी करणे हेच शहाणपण. धर्माच्या बाबतीत ही तुलना कोठे तुटते हेही उघड आहे, कारण तेथे तुल्यबळ कोण हे ठरवण्याची कसोटीच वादाचा भाग असते. मीमांसकाच्या मते वेद न मानणारा धर्माच्या बाबतीत अधिकारीच नव्हे. तरीही समोरचा आपल्याइतकाच बुद्धिमान, प्रामाणिक आणि साधनेत मुरलेला आहे असे ज्याला दिसते, त्याला हा दाब जाणवल्यावाचून राहत नाही.

वैविध्याच्या युक्तिवादाचे सर्वांत समर्थ रूप या सर्वांहून वेगळे आहे, कारण ते ज्ञानाविषयी न बोलता ईश्वराच्या हेतूविषयी बोलते. जे. एल. शेलेनबर्ग यांनी १९९३ मध्ये असा प्रश्न केला की, पूर्णतः प्रेमळ ईश्वर असेल आणि त्याला प्रत्येकाशी नाते हवे असेल, तर प्रामाणिकपणे शोध घेऊनही अश्रद्ध राहणारी माणसे असावीत कशी? स्टीफन माइत्झन यांनी २००६ मध्ये त्याला लोकसंख्येचा आयाम दिला. सौदी अरेबियात जवळजवळ सर्व जण ईश्वर मानतात, तर बौद्धबहुल थायलंडमध्ये एकेश्वरावर श्रद्धा असलेले थोडेच. श्रद्धा ही माणसाच्या मनोवृत्तीवर किंवा ईश्वरी कृपेवर अवलंबून असेल, तर तिची वाटणी देशांच्या सीमांप्रमाणे इतकी ढोबळ का असावी, याचे नैसर्गिक उत्तर संस्कृती आणि इतिहास यांत सहज मिळते, ईश्वरी योजनेत मिळत नाही. विल्यम लेन क्रेग यांनी सुचवलेला तोडगा असा आहे की, ज्यांनी शुभवर्तमान ऐकले असते तरी नाकारलेच असते, अशाच लोकांना ईश्वराने ते न पोचणाऱ्या देशांत जन्माला घातले असेल. तार्किकदृष्ट्या हे अशक्य नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या एकेका भूखंडातील सर्वच माणसे तशी निघावीत हे मानण्यापेक्षा मूळ आक्षेप मान्य करणे सोपे जाते.

मात्र हा युक्तिवाद सर्व ईश्वरकल्पनांना सारखा झोंबत नाही. एकच जन्म आणि त्यावर शाश्वत निवाडा मानणाऱ्या धर्मांना तो वर्मी लागतो; पुनर्जन्म मानणाऱ्या परंपरांना तो सौम्य होतो, कारण या जन्मी थायलंडमध्ये असणे हा तेथे अंतिम शब्द नसतो. आणि जगाशी नाते जोडण्याची इच्छाच नसलेल्या निर्गुण तत्त्वाला तो लागतच नाही. म्हणजे धर्मांच्या वैविध्याने ‘ईश्वर’ खंडित होतो असे सरसकट विधान चुकीचे असून, कोणता ईश्वर हे आधी विचारावे लागते.

पास्काल बोयर, जस्टिन बॅरेट आदींच्या बोधविज्ञानाने, म्हणजे मन माहिती कशी हाताळते याच्या शास्त्राने, आता उलट्या बाजूने धक्का दिला आहे: वैविध्याखाली साम्य आहे, आणि ते मानवी मेंदूच्या घडणीतून आले आहे. पान सळसळले तरी तेथे कोणीतरी आहे असे वाटणे, शरीरावाचून मन कल्पिता येणे, या सवयींमधून देव, भुते आणि पितर सर्वत्र उपजतात असे हे अभ्यासक सांगतात. हर्बर्टच्या सामान्य कल्पनांना असे नवे, पण ईश्वराला अनुकूल असेलच असे नाही, असे घर मिळाले. बॅरेट मात्र स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत आणि श्रद्धेचे कारण सापडले म्हणजे ती खोटी ठरली असे होत नाही, हे त्यांचे म्हणणे तर्काला धरून आहे.

संशयवाद्याच्या बाजूचीही हीच तपासणी व्हायला हवी. स्वतःला कोणत्याच धर्माचे न मानणाऱ्या त्या २४ टक्क्यांपैकी बहुसंख्य चीनमध्ये आहेत, आणि पूर्व जर्मनीच्या जुन्या भूभागात अनेक घरांतील मुलांना अश्रद्धा आईवडिलांकडूनच मिळते. नास्तिकतेलाही नकाशा आहे. फरक एवढाच की, निर्णय राखून ठेवणाऱ्या अज्ञेयवाद्याने कोणतेही होकारात्मक विधान केलेले नसल्यामुळे त्याचे नुकसान कमी होते, तर ठाम निरीश्वरवाद्याला आपली बाजू दुःखाच्या प्रश्नासारख्या स्वतंत्र कारणांवर उभी करावी लागते. भारतात तर ही सीमारेषा धर्माच्या आतूनच जाते. प्यूच्या पाहणीत ९७ टक्के भारतीयांनी ईश्वर मानत असल्याचे सांगितले, आणि ठळक अपवाद निघाला तो बौद्धांचा, ज्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी ईश्वर मानत नसल्याचे सांगितले. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा धर्म १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ लाखोंनी केलेल्या, निवडीपासून सुरू होतो. त्या पिढीची निवड जाणीवपूर्वक होती. पुढच्या पिढ्यांना मात्र ईश्वर न मानणे हेही, इतरांना ईश्वर मानणे मिळते तसे, घरातूनच मिळाले आहे.